अकीक दगड व तो घांसणारे लोक

शास्त्रपाठ : निर्गम २८ : १५–२९ व प्रकटीकरण १८ : ११–१३



शहादें तालुक्यांतील ब्राह्मणपुरी व तिच्या आसपासच्या शिवारांत ज्यानें औत धरलें आहे, किंवा सातपुड्याकडून येणाऱ्या ओढ्यानाल्यांच्या पात्रांत ज्यानें गुरें पाण्यावर नेलीं आहेत, त्यास गारगोटी ओळखीची आहे. नांगराचा फाळ एकाएकीं खटकन् अडखळतो आणि ढेकळांतून ती वर येते. वरून पाहिली तर ओबडधोबड, मातकट, बटाट्यासारखी. शेतकरी ती उचलून बांधावर फेकून देतो. कधीं ती दुसऱ्या दगडावर आपटून फुटते, आणि आंत पाहावें तों पांढऱ्या, करड्या व तांबूस रेघांचीं वलयें एकांत एक बसविलेलीं दिसतात. मुलें तिचे तुकडे खिशांत घालून घरीं नेतात. हीच वस्तु नीट घांसली असतां अंगठींत बसते, माळेंत ओंवली जाते, आणि शहरांतल्या दुकानांत कांचेच्या पेटींत मांडली जाते. तेथें तिला अकीक म्हणतात.

ही गारगोटी आपल्या भुईंत आली कशी, हें जाणणें मौजेचें आहे. सातपुडा व सह्याद्रि हे डोंगर ज्या काळ्या दगडाचे झाले आहेत, तो सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या पोटांतून तप्त रस होऊन वाहत आला व थरावर थर थिजत गेला, असें भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. थिजतांना त्यांत वायूचे बुडबुडे कोंडले व त्यांच्या जागीं पोकळ्या राहिल्या. पुढें भूमींतून झिरपणारें पाणी गारेचा अंश विरघळवून आपल्याबरोबर आणीत गेलें, आणि तो अंश त्या पोकळ्यांच्या भिंतींस एकावर एक पातळ पापुद्र्यांनीं चिकटत गेला. ज्यांस आपण रेघा म्हणतों त्या या पापुद्र्यांच्या कडा होत. काळा दगड उन्हापावसानें झिजून त्याची माती झाली. गारगोटी मात्र झिजली नाहीं, ती तशीच उरली. अकीकांतील गारेचे कण इतके सूक्ष्म व इतके दाट बसलेले असतात कीं, चाकूच्या पोलादानें त्यावर सहसा ओरखडा उठत नाहीं, आणि घांसला असतां त्याचा पृष्ठभाग निवांत पाण्यासारखा होतो. वाळूचा दगड कितीही घांसला तरी त्याचे कण निखळून पडतात. त्यावर तेज चढत नाहीं.

मनुष्यास या दगडाची ओळख फार पूर्वींपासून आहे. याच तालुक्यांत तापी व गोमाई यांच्या संगमावर प्रकाशें हें गांव आहे. तेथील जुन्या वस्तीच्या पांढरीचें टेकाड १९५४-५५ सालीं सरकारी पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनीं खणलें. अगदीं खालच्या थरांत, म्हणजे साडेतीन हजार वर्षांहून जुन्या वस्तींत, या जातीच्या दगडाचीं धारदार पातीं व तांबड्या अकीकाचे मणी निघाले. तापीकांठच्या त्या पहिल्या रहिवाशांस लोखंड ठाऊक नव्हतें, तांबें थोडें होतें. परंतु गारगोटी फोडून पातें काढावें, आणि तिचाच मणी करून गळ्यांत घालावा, हें त्यांस कळलें होतें.

याहून दूरची एक गोष्ट आहे, ती शास्त्र वाचणाऱ्यांस विशेष वाटेल. अब्राहाम ज्या ऊर नगरांतून देवाच्या हांकेनें निघाला, तें नगर इराक देशांत होतें असें बहुतेक मानितात. तेथें १९२२ पासून १९३४ पर्यंत लेनर्ड वुली या पंडितानें उत्खनन केलें. सुमारें साडेचार हजार वर्षांपूर्वींच्या राजघराण्याच्या कबरींत जे दागिने सांपडले, त्यांत तांबड्या अकीकाचे असेही मणी आहेत, जे सिंधु संस्कृतीच्या कारागिरांनीं घडविले होते. गुजरातेंत लोथल येथें एस्. आर्. राव यांनीं १९५५ नंतर खणलेल्या नगरांत मणी करणाऱ्यांचा कारखानाच भट्टीसकट सांपडला आहे. तेव्हां आपल्या बाजूच्या देशांतील कोणा अनाम मनुष्याच्या हातचें काम गलबतांत बसून अब्राहामाच्या गांवीं पोहोंचलें होतें. त्या राण्यांपैकीं कांहींचीं नांवें आज आपणांस ठाऊक आहेत. मणी भोंकणाराचें नांव कोणास ठाऊक नाहीं.

आतां पहिल्या शास्त्रपाठाकडे वळूं. मुख्य याजकानें पवित्रस्थानांत जातांना जो ऊरपट छातीवर बांधावयाचा, त्याचें वर्णन निर्गमाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायांत आहे. तो वीतभर लांब व वीतभर रुंद असावा, आणि त्यांत तीन तीन दगडांच्या चार रांगा बसवाव्या, अशी आज्ञा झाली. त्या दगडांच्या फार जुन्या इब्री नांवांविषयीं भाषांतरकारांचें एकमत नाहीं. तरी पहिल्या रांगेंतील पहिल्या दगडाचें मूळ नांव ‘ओदेम’ असें असून त्याचा धातु तांबडेपणा दाखवितो. तो तांबडा अकीकच असावा असें पुष्कळ विद्वान् म्हणतात. तिसऱ्या रांगेंतील मधला दगडही कित्येक भाषांतरांत अकीकच दिला आहे. ज्याच्या जातीची वस्तु तुम्ही आम्ही बांधावर फेकून देतों, ती देवानें आपल्या याजकाच्या हृदयापाशीं बसविली.

परंतु हा अध्याय सावकाश वाचा, म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येईल. दगडांच्या चकाकीविषयीं त्यांत एक शब्दही नाहीं. ते किती तेजस्वी असावे, त्यांची किंमत काय असावी, याचा उल्लेख नाहीं. पुन्हा पुन्हा सांगितली आहे ती गोष्ट निराळीच : त्यांवर इस्राएलाच्या बारा वंशांचीं नांवें मुद्रा कोरतात तशीं कोरावीं. याजकाच्या दोन खांद्यांवर दोन दगड, त्यांवरही सहा सहा नांवें. खांद्यावर ओझें घेतात, हृदयावर प्रीति ठेवितात. दोन्ही ठिकाणीं लोकांचीं नांवें घेऊन तो देवासमोर जावयाचा. दगड हा नांव न पुसतां टिकावें एवढ्यासाठींच तेथें होता.

आणि तो कोरणारा कोण? पुढें एकतिसाव्या अध्यायांत देव त्याचें नांव घेऊन सांगतो. तो यहूदा वंशांतला, उरीचा मुलगा बसालेल. त्यास देवानें आपल्या आत्म्यानें भरलें. कशासाठीं? उपदेशासाठीं नव्हे, लढाईसाठीं नव्हे. सोनें, रुपें व पितळ यांचें काम करावें, रत्नें पैलू पाडून जडावीं, यासाठीं. हातोडी व छिन्नी धरणाऱ्या हातास यापेक्षां मोठा मान कोणत्या ग्रंथांत मिळाला असेल तो असो. आपल्यांपैकीं कित्येकांस अजून वाटतें कीं, पाळकाचें काम तेवढें आत्म्याचें व गवंड्याचें काम पोटाचें. ज्यांस तसें वाटतें त्यांनीं हा अध्याय पुन्हा वाचावा.

हें झालें शास्त्रांतलें. आतां आपल्या बाजूस हा दगड कोणत्या हातांतून जातो तें पाहूं.

सातपुड्याची रांग पश्चिमेस जेथें उतरत जाते, तेथें भडोच जिल्ह्यांत, राजपिपळ्याच्या डोंगरांच्या बाजूस रतनपूर नांवाचें गांव आहे. गांवाजवळच्या टेकडीवर बावा घोर या सिद्दी पिराचा दर्गा असून, अकीकाच्या धंद्यास त्यानेंच चालना दिली अशी तेथील लोकांची परंपरा आहे. तेथें विहिरीसारखे खड्डे खणून गोट्यांचा थर लागेपर्यंत खालीं उतरतात. हें काम पिढ्यान् पिढ्या बहुतेक भिल्ल लोकांनीं केलें आहे. वर आलेला माल समुद्राच्या आखाताशीं असलेल्या खंबायत शहरीं जातो. खंबायतेचें बंदर गाळानें बुजून गेलें, गलबतें येईनाशीं झालीं, राज्यें पालटलीं. अकीकाचें काम मात्र तेथेंच राहिलें.

तेथें दगड प्रथम उन्हांत घालून आठवडेच्या आठवडे उलथेपालथे करितात. मग मडक्यांत भरून त्यांभोंवतीं गोवऱ्यांचा किंवा लांकडाच्या भुशाचा मंद विस्तव ठेवितात. दगडांत लोहाचा जो पिवळट अंश असतो तो या आंचेनें पालटून तांबडा होतो. बाजारांतला लालभडक अकीक बहुधा असा विस्तवांतून निघालेला असतो. नंतर जमिनींत तिरकी रोंवलेली एक अणकुचीदार लोखंडी मेख असते, तिच्या टोकाशीं दगड धरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीनें हलकेच ठोकतात. घाव वरून, पण कपची निघते ती मेखेच्या बाजूनें. लोखंडाची हातोडी घेतली तर दगडच फुटावयाचा. असा ठोकून ठोकून आकार आला म्हणजे तो सराणीवर घांसतात, आणि टोकास हिऱ्याचे दोन बारीक कण बसविलेल्या सामत्यानें दोन्ही बाजूंनीं भोंक पाडतात. अखेरीस चकाकीसाठीं मणी चामड्याच्या थैलींत घालून, त्यांत कुरुंदाची व अकीकाची बारीक भुकटी व पाणी टाकून, दोन माणसें ती थैली कित्येक दिवस एकमेकांकडे लोटीत बसत. हल्लीं हें काम विजेवर फिरणारीं पिंपें करितात.

यांत जाणण्यासारखी गोष्ट ही कीं, चकाकी ही वरून चढविलेली नसते. पितळेवर सोन्याचा मुलामा देतात, लांकडावर रोगण लावितात. अकीकावर कांहीं लावीत नाहींत. त्यावरचे मोठे ओरखडे बारीक ओरखड्यांनीं जातात, ते त्याहून बारीक भुकटीनें जातात, आणि शेवटीं डोळ्यास दिसेल असा ओरखडा उरला नाहीं म्हणजे प्रकाश इकडे तिकडे न फांकतां सरळ परततो. त्यासच आपण तेज म्हणतों. जें उणें करावयाचें तें उणें केलें, इतकेंच.

येथवर आलें म्हणजे उपदेशकाच्या मनांत एक दाखला आयताच तयार होतो. मीं स्वतः तो अनेक वेळां दिला आहे, व वाचकांपैकीं पुष्कळांनीं तो कोणा ना कोणा पाळकाच्या तोंडून ऐकला असेल. तो असा : आपण ओबडधोबड दगड आहों, देव हा रत्नपारखी आहे, दुःख ही त्याची सराण, ती आपणांस घांसते तेव्हां वेदना होतात, परंतु पुढें आपण चकाकूं लागतों, यास्तव दुःखांत कुरकुर करूं नये. या दाखल्यांत सत्य नाहीं असें मी म्हणत नाहीं. ज्यानें तो आपल्या स्वतःच्या दुःखाविषयीं, गुडघ्यांवर असतां, मनाशीं म्हटला, त्यास त्यानें बळ दिलेलें आहे. परंतु तो दुसऱ्याच्या दुःखाविषयीं सांगावयाचा असेल, तर सांगणारानें आधीं सराणीपाशीं जाऊन पाहावें. दाखल्यांत आपण दगडाकडे पाहतों व घांसणारा म्हणून देवास कल्पितों. खंबायतेच्या ओसरीवर जो खरोखर घांसावयास बसला आहे, त्यास आपण पाहिलेलेंच नाहीं.

त्यास पाहा. विजेच्या मोटारीवर एमरीचें चाक वेगानें फिरत आहे. त्यावर तो दगड दाबून धरतो, वांकून, तोंड चाकापासून हातभर अंतरावर. थैलींतलें काम ओलें असतें, त्यांतून धूळ उडत नाहीं; हें कोरडें असतें. पांढरी धूळ उडते, ती त्याच्या केंसांवर, भुंवयांवर, कपड्यांवर बसते. परंतु जी डोळ्यास दिसते ती फारशी घातक नव्हे. ती नाकांत व घशांत अडते. घातक ती जी दिसत नाहीं. गारेचे अतिसूक्ष्म कण श्वासाबरोबर फुप्फुसाच्या अगदीं टोंकाच्या पोकळ्यांपर्यंत पोहोंचतात. तेथें शरीराचे रक्षक पेशी त्यांस गिळावयास धांवतात. पण गार पचत नाहीं, पेशीच मरतात, कण मोकळे होऊन पुन्हा तेंच चालू राहतें, आणि त्या जागीं घट्ट वण धरतो. वण धरलेलें फुप्फुस फुगत नाहीं. आधीं कोरडा खोकला, मग चढण चढतांना धाप, मग बसल्या जागीं धाप. या रोगास सिलिकोसिस म्हणतात. त्यावर तो बरा करणारें औषध नाहीं. धुळीचें काम सोडलें तरी पुष्कळदां तो वाढतच जातो. आणि असें फुप्फुस क्षयासही लवकर बळी पडतें, म्हणून पुष्कळ रोगी क्षयाचींच औषधें घेत राहतात व मूळ कारण कोणी विचारीत नाहीं.

अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेनें खंबायत व तिच्याजवळचें शकरपूर येथील अकीक घांसणाऱ्यांची तपासणी विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत केली, व हा रोग त्यांच्यांत मोठ्या प्रमाणावर असल्याचें दाखविलें. काम घराच्या ओसरीवर चालत असल्यामुळें, ज्यांनीं सराणीस कधीं हात लाविला नाहीं अशा घरच्या माणसांत व शेजाऱ्यांतही तो आढळला. धूळ शोषून घेणारें साधनही त्या संस्थेनें तयार केलें; परंतु घरोघरच्या सराणींवर तें सर्वत्र बसलें नाहीं. १९२३ च्या कामगार भरपाईच्या कायद्यांत हा रोग नमूद झाला, १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यांतही सरकारास कळविण्याच्या रोगांत त्याची गणना झाली. पण ओसरी ही कारखान्याच्या व्याख्येंत बसली नाहीं. ज्या घरांत चार माणसें सराण फिरवितात, तेथें मालक कोण व नोकर कोण? दगड व्यापाऱ्याचा, मजुरी नगावर, फुप्फुस घांसणाराचें.

आतां दुसरा शास्त्रपाठ उघडा. प्रकटीकरणाच्या अठराव्या अध्यायांत एका महानगरीचा नाश झाला आहे, आणि पृथ्वीवरचे व्यापारी दूर उभे राहून रडत आहेत. ते नगरींतल्या माणसांसाठीं रडत नाहींत. आपला माल आतां कोणी घेणार नाहीं म्हणून रडतात. मग योहान त्या मालाची यादी देतो. यादीचा आरंभ सोन्यारुप्यानें व रत्नांनीं होतो. पुढें मोत्यें, तलम वस्त्रें, सुगंधी लांकूड, हस्तिदंत, संगमरवर. नंतर मसाले, द्राक्षारस, तेल, गहूं, गुरें, मेंढरें, घोडे, रथ. आणि अगदीं शेवटीं, जणूं वखारीच्या कोपऱ्यांत उरलेला माल असावा तशीं, मनुष्यांचीं शरीरें व मनुष्यांचे जीव. रत्नें पहिल्या ओळींत, मनुष्य शेवटल्या ओळींत. आणि सगळें एकाच पावतीवर. योहानानें यादी देऊन वर कांहीं टीका केली नाहीं. व्यापारी ज्या क्रमानें माल मोजतात त्याच क्रमानें त्यानें तो लिहून ठेविला.

कोणी म्हणेल, महाराज, हें खंबायतेचें दुखणें खंबायतेस. आम्ही ब्राह्मणपुरीचे, आम्हांस अकीकाची अंगठी कोठून? खरें आहे. पण गार फक्त अंगठींत नसते. कांच करावयास गारेची भुकटी लागते. ती भुकटी करणाऱ्या गुजरातेंतील गोध्रें व बालासिनोर येथील कारखान्यांत मध्यप्रदेशांतील अलिराजपूर, झाबुआ व धार या जिल्ह्यांतले आदिवासी मजूर कामास गेले. अलिराजपूर म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, नर्मदेच्या त्या तीरावर. तेथील बोली आपणांस कळते, सोयरीकही होते. तरणे मुलगे व मुली कांहीं महिन्यांसाठीं गेले, हातीं रोकड घेऊन परत आले, आणि पुढें एकामागून एक खोकूं लागले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानें २०१० सालीं अशा २३८ मृत मजुरांच्या वारसांस प्रत्येकीं तीन लाख रुपये देण्याची शिफारस गुजरात सरकारास केली, आणि मे २०१६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ते देण्याचा हुकूम केला. सहा वर्षें मध्यें गेलीं. या रोगांत सहा वर्षें म्हणजे काय, हें ज्याच्या घरीं रोगी आहे त्यास विचारावें.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यांतून दर वर्षीं दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाडेंच्या बिऱ्हाडें गुजरातेकडे निघतात. बहुतेक ऊसतोडीस जातात. तेथें ही धूळ नाहीं, त्या कामाचे हाल वेगळे. परंतु एकदां घर सोडलें म्हणजे मुकादम जेथें नेईल तेथें जावें लागतें : आज ऊस, उद्यां वीटभट्टी, परवां दगडाचा क्रशर. क्रशरवर दोन पैसे अधिक मिळतात. अधिक कां मिळतात, हें सांगावयास तेथें कोणी बसलेलें नसतें.

आणि अशा मजुराची मोठी अडचण ही कीं, तो तेथें होता याचा पुरावाच नसतो. हजेरीपत्रकांत नांव नाहीं, मजुरीची चिठ्ठी नाहीं, मुकादमाचें पुरें नांव ठाऊक नाहीं, कारखान्याची पाटी वाचतां आली नाहीं. पांच वर्षांनीं छातीचा फोटो काढला तर त्यांत वण दिसतात. पण ते कोणाच्या चाकापाशीं धरले, हें फोटो सांगत नाहीं. न्यायालयासमोर उभें राहावयाचें तर पहिला प्रश्न हाच : तूं त्या कारखान्यांत होतास हें कशावरून? त्याची छाती त्या धुळीनें भरलेली आहे, आणि त्याचें नांव मात्र कोठेंच नाहीं.

मुख्य याजक ज्या वेळीं आंत जाई, त्या वेळीं त्याच्या छातीवर काय होतें, हें आठवा. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांत आपला मुख्य याजक म्हणून जो ख्रिस्त सांगितला आहे, त्यानें खांद्यावर दगड घेतले नाहींत, वधस्तंभ घेतला. त्याच्या हातांवर व कुशींत जे वण राहिले, ते त्यानें पुनरुत्थानानंतरही झांकले नाहींत, थोमास बोलावून दाखविले. हा कोणाच्या हातून झालेला घाव आहे हें स्पष्ट ठेवणें त्यास लाजेचें वाटलें नाहीं. तेव्हां त्याच्या मंडळीनें आपल्या माणसांच्या छातींतल्या वणांविषयीं देवाची इच्छा म्हणून गप्प बसावें, हें त्यास कसें आवडेल? दुःखांत धीर देणें आपलें काम आहे खरें. परंतु ज्या दुःखास सराणीवर पाण्याची धार सोडल्यानें व तोंडापाशीं धूळ ओढणारा नळ बसविल्यानें आळा घालतां येतो, त्यास सोसण्याचा उपदेश करणें ही निराळी गोष्ट आहे. असा उपदेश मीही केला आहे, व त्याची मला लाज वाटते.

यास्तव गांवोगांवच्या मंडळ्यांच्या पंचांस एक विनंति आहे. ती मोठी नाहीं. एक जाड पुठ्ठ्याची वही घ्यावी. सुगी आटोपून लोक बाहेर निघतात त्यापूर्वींच्या रविवारीं, उपासना झाल्यावर, ती मेजावर ठेवावी. जो कोणी कामास जात असेल त्याचें पुरें नांव, वय, मुकादमाचें नांव व गांव लिहावें. परत आला म्हणजे पुन्हा विचारावें : कोठें होतास, कोणत्या कारखान्यांत, काय काम, कोरडें कीं ओलें, किती दिवस, बरोबर कोण होतें. हल्लीं बहुतेकांच्या हातीं फोन असतो. कारखान्याच्या पाटीचें, मजुरीच्या चिठ्ठीचें व आपल्या टोळीचें चित्र त्यांत घेऊन ठेवावयास मुलांस शिकवावें. ज्यास पंधरवड्याहून अधिक खोकला आहे किंवा धाप लागते, त्यास सरकारी दवाखान्यांत घेऊन जावें, व मी दगडाच्या धुळींत काम केलें आहे हें डॉक्टरास त्यानें आपण होऊन सांगावें. डॉक्टर विचारील अशी वाट पाहूं नये. छातीच्या फोटोची प्रत व तारीख वहींत चिकटवावी.

वही मंडळीची असली तरी तींत नांव लिहितांना हा आपल्यांतला व तो परका असें पाहूं नये. ऊरपटावर बारा वंशांचीं नांवें होतीं, आणि त्यांतले दहा पुढें वेगळे होऊन गेले. म्हणून त्यांचे दगड कोणी उपटून काढले असें शास्त्रांत कोठें वाचनांत येत नाहीं. शेजारच्या पाड्यावरचा जो कोणी दारापाशीं येऊन आपलें नांव सांगेल, त्याचेंही लिहावें. ज्यास लिहितां येत नाहीं त्याच्यासाठीं शाळेंतल्या एखाद्या मुलीस बसवावें. मुलींचें अक्षर बहुधा सुवाच्य असतें. पेन्सिलीनें लिहूं नये. शाईनें लिहावें, आणि पान भरलें म्हणजे खालीं दोघा पंचांनीं सह्या करून तारीख घालावी.